आईचा फोन, यलोस्टोनचा ज्वालामुखी आणि माझी टोपी

तर झालं असं. २०२५ च्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. मी सॉल्ट लेक सिटीला ऑनसाइट. लेबर डेचा लाँग वीकेंड तोंडावर आलेला, आणि आम्ही चौघांनी (दोन पुणेकर, एक सांगलीकर आणि भरवशाचा ड्रायव्हर म्हणून एक हैदराबादी) यलोस्टोनला जायचं ठरवलं. पाच-साडेपाच तासांची ड्राइव्ह. गाडी बुक, हॉटेल बुक, थेपले बुक. शनिवारच्या नेहमीच्या फोनवर आईला सांगितलं. दोन सेकंद शांतता. मग,

"अरे, तो ज्वालामुखी फुटणार आहे म्हणे ना? मावशीने ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय. प्राणी पळून चाललेत तिथले."

"अगं आई, काही होत नाही गं."

"तुला कसं माहीत?"

प्रश्न साधा होता, पण मी अडकलो. कारण मला काहीच माहीत नव्हतं. आणि मी ऑन-कॉल असणारा माणूस आहे. "काही होत नाही" हे वाक्य कुठल्या रिलीजच्या आदल्या रात्री कोण म्हणालं होतं आणि पहाटे तीनला काय झालं होतं, हे मला चांगलं आठवतं! म्हटलं, जायच्या आधी जरा वाचू. वाचायला बसलो आणि दोन रात्री गेल्या. ज्वालामुखी राहिला बाजूला, मला जास्त गंमत वाटली ती या जागेला माणसं गेली दोनशे वर्षं कशी कशी घाबरत आली आहेत याची. आजचा निबंध त्यावर.

आधी शब्दाचं बघू. आपल्या बाथरूममध्ये जो गीझर असतो, तो शब्द मूळचा आइसलँडचा. तिथे 'गेसिर' नावाचा एक उकळत्या पाण्याचा झरा आहे, मधूनमधून उसळी मारणारा. नावाचा अर्थच उसळणारा. त्या एका झऱ्यावरून जगातल्या सगळ्या तशा झऱ्यांना ते नाव पडलं. मग १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉहन या माणसाने गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गीझर'. इंग्रजांबरोबर ते आपल्याकडे आलं आणि राहिलं. अमेरिकन लोक झऱ्याला 'गायझर' म्हणतात आणि बाथरूमच्या यंत्राला वॉटर हीटर. त्यामुळे "माझ्या घरी गीझर आहे" असं ऑफिसात सहज बोलून गेलात तर लोक जरा आदराने बघतात. (अनुभव!)

असो. यलोस्टोन हे मुख्यतः वायोमिंग राज्यात, थोडं मोंटाना आणि आयडाहोत. जगातल्या एकूण गायझरपैकी निम्म्याहून जास्त या एका पार्कात आहेत, पाचशेच्या वर. गरम झरे, चिखलाची डबकी, वाफेची भोकं वगैरे सगळं धरलं तर आकडा दहा हजारांच्या पुढे जातो.

गोऱ्या माणसांपैकी इथे पहिल्यांदा पोचला तो बहुधा जॉन कोल्टर. लुईस आणि क्लार्क यांच्या प्रसिद्ध मोहिमेतला हा गडी, परत घरी न जाता डोंगरातच राहिला. १८०७-०८ च्या हिवाळ्यात तो जवळजवळ एकटा या भागातून भटकला आणि परत येऊन वाफा, गंधक, उकळती जमीन असलं काहीबाही सांगू लागला. लोक हसले. 'कोल्टरचा नरक' असं नाव पडलं. गंमत म्हणजे तो 'नरक' बहुधा पार्कच्या पूर्वेला, आजच्या कोडी गावाजवळ होता. नाव मात्र पुढे यलोस्टोनलाच चिकटलं. नंतर जिम ब्रिजर नावाचा शिकारी असल्याच गोष्टी सांगायचा, पण तो इतर बाबतींतही इतक्या थापा मारायचा की खरं सांगितलेलंही थापांतच जमा झालं. म्हणजे पहिली साठ वर्षं या जागेबद्दलची माहिती काय, तर एक नरक आणि एक थापाड्या.

१८७० मध्ये मोंटानातल्या काही प्रतिष्ठितांनी ठरवून मोहीम काढली. वॉशबर्न, लँगफर्ड आणि लष्कराचा लेफ्टनंट डोन ही त्यातली मुख्य मंडळी. १८ सप्टेंबर १८७० ला ते जंगलातून एका मोकळ्या जागेत आले आणि समोर पाण्याचा खांब उभा राहिला. तो ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा उडत होता म्हणून त्यांनी नाव दिलं 'ओल्ड फेथफुल'. आपल्या भाषेत 'इमानी म्हातारा' म्हणा हवं तर.

या मोहिमेत ट्रूमन एव्हर्ट्स नावाचे एक गृहस्थ होते. पन्नाशी ओलांडलेले, दृष्टी अधू. सप्टेंबरात ते जंगलात वाट चुकले. घोडा सामानासकट पळाला, चष्मा हरवला. पुढचे ३७ दिवस हा माणूस एका काटेरी झुडपाची मुळं खाऊन जगला. दुर्बिणीच्या भिंगाने ऊन धरून विस्तव पेटवला. आणि रात्री गारठून मरू नये म्हणून गरम झऱ्यांच्या शेजारी झोपला. एका रात्री अंगाखालचं पापुद्र्यासारखं कवच फुटलं आणि वाफेने कंबर भाजली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या ऊबेने त्याला जगवलं तिनेच भाजलं. अखेर दोन माणसांना तो हाडांचा सापळा होऊन सापडला, आणि पुढे बरीच वर्षं जगला.

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, सरकारी भूशास्त्रज्ञ फर्डिनांड हेडन मोठा लवाजमा घेऊन आला. त्याने एक शहाणपणा केला. बरोबर चित्रकार थॉमस मोरन आणि फोटोग्राफर विल्यम हेन्री जॅक्सन यांना आणलं. आता थापा म्हणायची सोय राहिली नाही, पुरावा समोर होता! १ मार्च १८७२ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सही केली आणि यलोस्टोन नॅशनल पार्क झालं. जगातलं पहिलं नॅशनल पार्क म्हणून त्याचाच उल्लेख होतो. त्याच वर्षी काँग्रेसने मोरनचं यलोस्टोनच्या घळीचं प्रचंड चित्र १०,००० डॉलरला विकत घेतलं.

हेडनने अहवालात आणखी एक गोष्ट लिहून ठेवली होती. सरोवराभोवतीचं हे सगळं खोरं म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचं अवाढव्य मुख असावं, असं त्याचं मत होतं. १८७१ मध्ये! पण झऱ्यांच्या आणि धबधब्यांच्या गर्दीत ते वाक्य जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षं तसंच पडून राहिलं. (आपल्याकडे जुन्या डॉक्युमेंटमध्ये सगळं लिहिलेलं असतं आणि कुणी वाचत नाही, त्यातलाच प्रकार.)

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पार्कच्या माहितीपत्रकांत ती कित्येक वर्षं उलटी सांगितली गेली. "इथले आदिवासी गायझरना भुतंखेतं समजून घाबरायचे, म्हणून इकडे फिरकत नसत." साफ खोटं. माणसांचा इथला वावर किमान ११,००० वर्षांचा आहे. इथल्या एका कड्यातून काळा काचेसारखा ज्वालामुखी दगड, म्हणजे ऑब्सिडियन, निघतो. त्याची हत्यारं व्यापारातून पार ओहायोपर्यंत गेलेली सापडली आहेत. तुकुदिका, म्हणजे डोंगरी मेंढ्यांवर जगणारे शोशोनी लोक, इथेच राहायचे. मेंढ्यांची शिंगं गरम झऱ्यात मऊ करून ते नावाजलेली धनुष्यं बनवायचे. घाबरणारा माणूस झऱ्यात शिंगं भिजवत बसेल का?

मग ही गोष्ट आली कुठून? १८७७ मध्ये नेझ पर्स जमातीचे लोक, बायकापोरांसकट, मागे लागलेल्या सैन्यापासून पळत थेट या पार्कातून गेले. वाटेत त्यांनी काही पर्यटकांना पकडलं, मारामाऱ्या झाल्या, बातम्या झाल्या. पर्यटक बिचकू नयेत म्हणून पार्कचे तेव्हाचे अधीक्षक फिलेटस नॉरिस यांनी "इंडियन लोक गायझरना घाबरतात, इकडे येत नाहीत" हे पसरवायला हातभार लावला. तुकुदिकांनाही पार्कातून घालवण्यात आलं. म्हणजे भीतीची गोष्ट ज्यांच्या नावावर खपवली त्यांना ती भीती नव्हतीच. गोष्ट सांगणाऱ्याला फक्त मोकळी जमीन हवी होती. ज्यांना जमिनीचं खरं ज्ञान होतं त्यांनाच हाकलून देऊन मग "ही जागा रहस्यमय आहे" म्हणणं... जाऊ दे.

आता थोडं विज्ञान. गायझर उडतो कसा, हे कोडं सोडवणारा माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अकरावीच्या केमिस्ट्री लॅबमधला बर्नर आठवतो? तोच रॉबर्ट बुन्सेन! १८४६ मध्ये तो आइसलँडला गेला आणि उसळी येण्याच्या जरा आधी गेसिरच्या नळीत थर्मामीटर सोडले. (याला म्हणतात प्रोडक्शनमध्ये डीबगिंग.) त्याला दिसलं की खोलवरचं पाणी १०० अंशांपेक्षा बरंच जास्त गरम आहे, तरी उकळत नाही. का? वरच्या पाण्याचं वजन त्याला दाबून ठेवतं. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. आपला प्रेशर कुकरच. मग काही कारणाने हे पाणी थोडं वर सरकलं, किंवा वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं, की दाब कमी होतो. कुकरचं झाकण एकदम उघडल्यासारखं खालचं पाणी भसकन वाफ होतं, त्याने आणखी पाणी बाहेर फेकलं जातं, दाब आणखी कमी, आणखी वाफ... आणि खांब उभा! नंतरच्या संशोधकांनी यात खूप भर घातली, खडकातल्या आडव्या पोकळ्या, अडकलेले वाफेचे बुडबुडे वगैरे, पण गाभा बुन्सेनचाच.

म्हणजे गायझरला तीन गोष्टी लागतात. उष्णता, पाणी आणि प्लंबिंग. प्लंबिंग हे सगळ्यात नाजूक. इथला खडक सिलिकाने भरलेला, ते गरम पाण्यात विरघळून वर येतं आणि नळ्यांच्या आत कडक अस्तर बनतं. ते फुटलं, तुंबलं किंवा हललं, की गायझर बदलतो किंवा बंद पडतो. लोकांनी दगड टाकून टाकून इथला एक गायझर जवळजवळ बुजवला आहे. स्टीमबोट हा जगातला सगळ्यात उंच उडणारा गायझर, ९० मीटरच्या वर जातो. तो १९११ नंतर ५० वर्षं मोठी उसळी न मारता गप्प होता. मार्च २०१८ मध्ये अचानक जागा झाला आणि २०१९ व २०२० या दोन्ही वर्षांत ४८-४८ वेळा उडाला. झाला रे झाला की बातम्या: "यलोस्टोन जागा होतोय!" प्रत्यक्षात स्टीमबोटच्या मूडचा आणि खालच्या ज्वालामुखीचा तसा थेट संबंध कुणालाही दाखवता आलेला नाही.

आणि तो इमानी म्हातारा? त्याचं इमानही तितकं पक्कं नाही. पूर्वी तो साधारण तासाने उडायचा, आता दीड तासाने. मोठे भूकंप झाले की त्याचं अंतर वाढत गेलं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात गायझरच्या ढिगावर सापडलेल्या, सिलिका मुरलेल्या पाइनच्या लाकडाचं वय काढलं गेलं. आता जिथे उकळतं पाणी पडतं तिथे झाडं उगवली होती! म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकात कित्येक दशकं ओल्ड फेथफुल बंदच होता. तेव्हा तिथे प्रदीर्घ दुष्काळ होता. पाणीच नाही तर कुकर काय करणार?

आता येऊ आईच्या प्रश्नाकडे.

हेडनचं ते विसरलेलं वाक्य पुन्हा जिवंत झालं १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि १९६० च्या दशकात. आधी फ्रान्सिस बॉइडने आणि मग अमेरिकन भूशास्त्र सर्वेक्षणाच्या रॉबर्ट ख्रिश्चनसन आणि सहकाऱ्यांनी इथले खडक नीट तपासले. जिकडे तिकडे ज्वालामुखीच्या राखेचे घट्ट थर. मग एवढ्या राखेचा डोंगर कुठाय? शंकूसारखा डोंगर नव्हताच. ते ज्यात उभे होते तेच ज्वालामुखीचं मुख होतं, साधारण ७० किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद. नंतरच्या लाव्हाने, हिमनद्यांनी आणि जंगलाने भरून गेलेलं, म्हणून दिसत नव्हतं. अशा खचलेल्या मुखाला कॅल्डेरा म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ मोठी कढई.

तीन महास्फोट नक्की झाले: सुमारे २१ लाख वर्षांपूर्वी, १३ लाख वर्षांपूर्वी आणि ६ लाख ३० हजार वर्षांपूर्वी. पहिल्यात जवळपास २,४५० घन किलोमीटर माल बाहेर पडला. त्यानंतर लहानमोठे लाव्हा आले, शेवटचा सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी. (आपल्या सह्याद्रीशी तुलना करायचा मोह होतो. दख्खनचा काळा पाषाणही ज्वालामुखीचाच, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा आणि आकारमानाने यलोस्टोनपेक्षा कितीतरी पट मोठा. पण आपला बेसॉल्ट पातळ, भेगांतून पसरत गेलेला. यलोस्टोनचा लाव्हा चिकट, वायू कोंडून ठेवणारा, म्हणून तिथे स्फोट.)

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७३ ची. युटा विद्यापीठाचे बॉब स्मिथ यलोस्टोन सरोवराच्या दक्षिण टोकाला काम करत होते. १९५६ मध्ये त्यांनी वापरलेला बोटीचा धक्का आता पाण्याखाली होता. काठावरची झाडं उभ्या उभ्या बुडत होती. पण सरोवराचं पाणी वाढलेलं नव्हतं! मग काय? सरोवराचं भांडंच कलंडत होतं. उत्तर बाजू वर उचलली जात होती, म्हणून पाणी दक्षिणेला सरकत होतं. मग १९७५-७७ मध्ये रस्त्यांच्या कडेच्या १९२३ च्या सर्वेक्षणाच्या खुणा पुन्हा मोजल्या. पन्नास-पंचावन्न वर्षांत कॅल्डेराचा मधला भाग ७० सेंटीमीटरहून जास्त वर आला होता. म्हणजे जमीन श्वास घेत होती. १९८५ नंतर ती खाली बसायला लागली. २००४ ते २०१० पुन्हा वर, मग पुन्हा खाली. वर गेली म्हणजे फुटणारच, असं नाही. वर-खाली होणं हीच तिची रोजची नाडी आहे. पण हे कळायला १९२३ मध्ये कुणीतरी मुकाट्याने आकडे लिहून ठेवावे लागले. बेसलाइन नसेल तर अलर्टला अर्थ नाही, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही पटेल.

मग 'सुपरव्होल्कॅनो' हा शब्द घराघरांत गेला तो मुख्यतः बीबीसीच्या २००० च्या माहितीपटाने आणि २००५ च्या चित्रपटाने. तेव्हापासून दर वर्षी यलोस्टोन फुटतो. २०१४ च्या मार्चमध्ये ४.८ चा भूकंप झाला, आणि रस्त्यावरून धावणाऱ्या गव्यांचा व्हिडिओ फिरला: "प्राणी पळतायत!" पार्कने सांगितलं, गवे धावतातच, आणि हिवाळ्यात चाऱ्यासाठी खालच्या भागात जातात. मावशीचा व्हिडिओ त्याच खानदानातला.

सगळ्यात लोकप्रिय वाक्य म्हणजे "स्फोट ओव्हरड्यू आहे". जरा हिशोब करू. २१ आणि १३ मध्ये ८ लाख वर्षं, १३ आणि ६.३ मध्ये ६.७ लाख. सरासरी ७.३ लाखांच्या आसपास. शेवटच्याला झाली ६.३ लाख. म्हणजे या हिशोबानेही अजून लाखभर वर्षं बाकी आहेत. आणि मुळात दोन अंतरांवरून सरासरी काढणाऱ्याला आपण डिझाइन रिव्ह्यूमध्ये बाहेर काढलं असतं! ज्वालामुखी बसस्टॉपवर थांबलेला नसतो. पुरेसा वितळलेला मॅग्मा आणि पुरेसा दाब असेल तरच तो फुटतो. इथल्या साठ्यात वितळलेला भाग थोडा आहे. २०२२ च्या संशोधनात तो १६ ते २० टक्के निघाला, बाकी घट्ट स्फटिकांचा लगदा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मॅग्माचा वरचा थर ३.८ किलोमीटर खोलीवर सापडला आणि त्यातला वायू भेगांतून निसटून जातोय असं दिसलं. म्हणजे कुकरची शिट्टी चालू आहे. महास्फोटाची शक्यता वर्षाला सुमारे ७ लाख ३० हजारांत एक असं सांगितलं जातं. हा आकडाही त्याच दोन अंतरांचा, त्यामुळे शास्त्रज्ञ स्वतःच तो फार ताणत नाहीत.

२००१ पासून यलोस्टोन ज्वालामुखी वेधशाळा हे सगळं बघते. वर्षाला दीड ते अडीच हजार भूकंप नोंदले जातात, बहुतेक कुणाला जाणवतही नाहीत. आणि ही भूकंपाची नोंद ठेवणारी मंडळी बसतात कुठे? युटा विद्यापीठात, सॉल्ट लेक सिटीत! मी रोज ज्या शहरात कोडमधले बग शोधत होतो, तिथेच कुणीतरी यलोस्टोनचे ऑन-कॉल होते. हे वाचून मला फार बरं वाटलं.

मग धोका नाहीच का? आहे ना. पण वेगळा. १७ ऑगस्ट १९५९ ला रात्री ११:३७ वाजता पार्कच्या पश्चिमेला हेबगेन सरोवराजवळ ७.३ चा भूकंप झाला. मॅडिसन नदीच्या घळीत सुमारे आठ कोटी टन डोंगर मिनिटाभरात खाली आला. खाली कँपात लोक झोपले होते. एकूण २८ जण गेले, त्यातल्या कित्येकांचे मृतदेह अजून त्या दरडीखालीच आहेत. नदी अडून नवीन तलाव झाला, तो आजही आहे. त्या रात्री पार्कातले जवळपास ३०० झरे उसळले. बिस्किट बेसिन नावाच्या भागातल्या सफायर पूलभोवती बिस्किटांसारखे दगड होते, ज्यावरून नाव पडलं. भूकंपानंतरच्या उसळ्यांत ती बिस्किटं उडून गेली, नाव तेवढं राहिलं.

त्याच बिस्किट बेसिनमध्ये २३ जुलै २०२४ ला सकाळी दहाच्या सुमारास, लोक लाकडी पायवाटेवर उभे असताना, ब्लॅक डायमंड पूलमध्ये स्फोट झाला. चिखल, वाफ आणि दगड उंच उडाले. लोक पळाले, पायवाटेचे तुकडे झाले. नशिबाने कुणाला इजा झाली नाही. याला मॅग्मा लागत नाही. गायझरचाच प्रकार, फक्त नळी सिलिकाने तुंबलेली. शिट्टी अडकलेला कुकर! असे लहान स्फोट इथे होतच असतात, आणि आधी अलर्ट येईलच असं नाही. मोठेही झालेत. सरोवराच्या काठी मेरी बे इथलं विवर सुमारे १३,८०० वर्षांपूर्वीच्या अशाच स्फोटाचं, अडीच किलोमीटर रुंद.

एवढं सगळं वाचून, शहाणा होऊन मी गेलो. ओल्ड फेथफुल बघितला. बोर्डावरच्या वेळेच्या आठ मिनिटं उशिरा उडाला, आमच्या रिलीजपेक्षा बराच बरा. बिस्किट बेसिन बंद होतं. दुसऱ्या दिवशी नॉरिस बेसिनला गेलो. पार्कातल्या सगळ्यात गरम जागांपैकी ही एक. इथल्या बोअरमध्ये ३२६ मीटरवर २३७ अंश तापमान मिळालं आहे. मी सांगलीकराला हेच आकडे ऐकवत होतो. तेवढ्यात वारा आला आणि माझी टोपी उडाली. पायवाटेपासून चार फुटांवर, पांढऱ्या कोरड्या जमिनीवर जाऊन पडली.

आणि मी, ज्याने दोन रात्री हेच वाचलं होतं, एक पाय खाली ठेवला.

विचार वगैरे काही नाही. जमीन कोरडी, टोपी जवळ, एवढंच. मागून एका आजीबाईंनी "सर, डोन्ट!" ओरडून माझा शर्ट धरला. सत्तरीच्या असतील. चांगलंच ओढलं. मी वर आलो. बुटाखाली खापरीसारखा 'कट्' आवाज झाला होता, तो अजून आठवतो. कवच तिथे किती जाड होतं मला माहीत नाही. कदाचित फूटभर असेल, कदाचित पापडाएवढं. एव्हर्ट्सलाही माहीत नव्हतं. या पार्कात वीसहून जास्त माणसं उकळत्या पाण्यात पडून किंवा उतरून गेली आहेत. महास्फोटाने लिखित इतिहासात एकही नाही.

सांगलीकर हसला नाही. हैदराबादीने पाण्याची बाटली पुढे केली. आम्ही रेंजरला टोपीचं सांगितलं. त्याने रोज पाच टोप्या ऐकत असल्यासारखी मान डोलावली.

परतताना गाडीत मी विचार करत होतो. नरक, भुतं, सुपरव्होल्कॅनो, आपल्याला भीतीही भव्य लागते. आणि भव्य गोष्टीची भीती सोयीची असते, कारण तिच्याबाबतीत आपल्याला काही करायचं नसतं. फॉरवर्ड केलं की झालं. पायवाटेवरून पाय खाली न ठेवणं हे मात्र आपल्यालाच करावं लागतं, दर मिनिटाला, कंटाळा आला तरी.

रविवारी रात्री आईला फोन केला. सगळं सांगितलं. ७ लाख ३० हजारांत एक, १६ ते २० टक्के, युटा विद्यापीठ, सगळं. ती शांतपणे "हं, हं" करत होती. मग टोपीचंही सांगून टाकलं.

परत दोन सेकंद शांतता.

"ज्वालामुखीचं जाऊ दे. तू खाली पाय का ठेवलास?"

उत्तर नव्हतं. म्हटलं, "तुळशीबागेतून तूच घेतली होतीस ना गं, म्हणून."

"दीडशे रुपयांची होती ती, गाढवा."

असो. मावशीला मी सगळा हिशोब लिहून पाठवलाय. तिने अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांत दुसरा व्हिडिओ टाकला. मंगळवारपासून मी परत ऑन-कॉल.